डोंगरावरच्या खोट्या गाठी

मी मूळचा बेटावरचा माणूस आहे. हे वाक्य मी खास घोटून ठेवलंय. मान जराशी वळवायची, एक भुवई वर करायची, आवाज खाली न्यायचा आणि समोरच्याने "कुठलं बेट?" असं विचारावं म्हणून थांबायचं. कुणीही विचारत नाही. बदलापूरला मांजर्लीत राहणारा माणूस बेटाबद्दल बोलायला लागला की लोकांना वाटतं, हा पुराबद्दल बोलतोय. "हो ना," म्हणतात, "यंदा आमच्याही पार्किंगमध्ये कमरेएवढं होतं."

म्हणून कुणी न विचारताच सांगतो. माझ्या पणजोबांची माहीमला नारळाची वाडी होती. तेव्हा मुंबई म्हणजे खाड्यांनी तोडलेली बेटं होती हे घरात ऐकीव होतं. गोऱ्या साहेबाने खाड्या बुजवल्या, बेटं जोडली, गोद्या बांधल्या, रूळ टाकले, आणि या सगळ्या जोडाजोडीत आमची वाडी तेवढी तुटली. तेव्हापासून आमचं घराणं रुळांच्या कडेकडेने मागे सरकत आलंय. आजोबा कुर्ल्याला, वडील डोंबिवलीला, मी बदलापूरला. मुलगा परवा वांगणीत फ्लॅट बघून आला. याच वेगाने गेलो तर माझे पणतू घाट चढून देशावर पोचतील आणि तिथे "आम्ही मूळचे बेटावरचे" म्हणून मार खातील.

पन्नाशीनंतर मला या इतिहासाचा झटका आला. कुणाला मधुमेह होतो, कुणी अध्यात्माकडे वळतं, मी रविवारच्या फेऱ्या काढायला लागलो. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाहेर सकाळी लोक जमवायचे, तिथे चहाच्या टपरीसमोर प्रस्तावना करायची आणि मग भाड्याच्या गाडीतून बदलापूरच्या पुढे डोंगरापाशी न्यायचं. विषय एकच: मुंबई बेटाने आपल्या डोंगरांचं काय केलं. या विषयावर मी दीड तास बोलू शकतो. बायकोच्या मते मी अडीच तास बोलतो, पण तिच्याकडे घड्याळ आहे.

गोष्ट मात्र खरोखर रंगतदार आहे. मुंबईत ट्रामला घोडे, साहेबाच्या बग्गीला घोडे, पलटणीला घोडे, शिवाय गोठ्यांतून म्हशी. एवढी जनावरं बेटावर, आणि बेटावर चरायला जागा नाही. मग गवत आणायचं कुठून? आधी ते खाडीतून होड्यांनी जायचं, मग रेल्वे आली आणि आमच्या डोंगरांवरचं गवत गाठी बांधून वॅगनमधून जायला लागलं. त्याच्या आधी झाडं गेली होती: वाशांसाठी, कोळशासाठी. झाडं गेली तिथे गवत माजलं, गवताला गिऱ्हाईक होतं म्हणून लोकांनी ते राखलं, आणि राखलं म्हणून पुन्हा झाडं आली नाहीत. आज पर्यटक ज्याला "काय निसर्ग आहे हो!" म्हणतात, तो पिवळा डोंगर म्हणजे मुंबईच्या घोड्यांचं जेवणाचं ताट होतं. इथे मी दोन्ही हात पसरतो. फोटो बहुतेक याच क्षणाचे असतात.

हे शेवटचं माझं मला सुचलेलं नाही. मला ते मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे बारवी धरणाच्या बाजूच्या एका ठाकूरवाडीतल्या साठीच्या बाई. पूर्वी त्या बदलापूर स्टेशनबाहेर करवंदं घेऊन बसायच्या, तिथली आमची ओळख. त्यांच्या वाट्याला डोंगरावर वरकस जमिनीचा एक तुकडा आहे. भात होत नाही अशी ती चढाची जमीन, तिथे फक्त गवत. सासूच्या सासूने त्यांच्या घरात सांगून ठेवलं होतं की इथे साग होता, कोळशाच्या भट्ट्या लागायच्या, मग नुसतं गवत उरलं. घोडे संपले तरी गवत संपलं नाही. मावशी ते दरवर्षी कापतात, अर्धं उल्हासनगरच्या एका तबेल्याला जातं आणि अर्ध्यावर त्यांच्या दोन म्हशी पावसाळ्यापर्यंत निघतात. त्यातली एक सध्या भाकड आहे. गवत कमी पडलं तर ती विकावी लागेल, आणि भाकड म्हैस कोण कशासाठी घेतं हे मावशींना ठाऊक होतं. "तिला म्या पारडी असल्यापास्नं पाजलंय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

दिवाळीनंतरच्या रविवारची गोष्ट. फेरीला बावीस माणसं होती. अंबरनाथची, शिरगावची, उल्हासनगरची आणि थेट दादरहून आलेली दोन. मावशी अंगणात भात झोडत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमीच न्या वर. माझे हात मोकळे नायत. गवतात शिरू नका, कडेकडेनं जावा." मी हो म्हणालो. मला वाटलं त्यांना आमच्या कपड्यांची काळजी आहे.

वर गेलो. गवत छातीएवढं, वाऱ्यावर डोलणारं. मी प्रास्ताविक संपवून हात पसरण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात शिरगावच्या एका बाईंनी विचारलं, "सर, या गाठी कसल्या?"

मी बघितलं. गवताचे झुपके धरून त्यांना गाठी मारलेल्या होत्या. दहा-बारा पावलांवर एक, अशी ती ओळ वर चढत गेली होती.

आता "मला माहीत नाही" हे तीन शब्द मराठी माध्यमात शिकवतात. मी त्या दिवशी गैरहजर असणार. मी डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि म्हणालो, "या नवसाच्या गाठी. इथली फार जुनी श्रद्धा आहे. मनातली इच्छा धरायची आणि गवताला गाठ मारायची. गवत कापलं गेलं की इच्छा मोकळी होते."

इतकं सुंदर वाक्य मला आयुष्यात परत सुचलेलं नाही. दादरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही थोडं आलं.

मग काय, बावीस माणसं गवतात शिरली. कुणी मुलाच्या व्हिसासाठी, कुणी गुडघ्यासाठी, कुणी सोसायटीच्या लिफ्टसाठी. उल्हासनगरच्या एका गृहस्थांनी दुकान, घर आणि साडू अशा तीन गाठी मारल्या. "साडूची उलटी मारू काय, सर?" म्हणून विचारलं. मी उदारपणे परवानगी दिली. लोक एकमेकांच्या गाठींचे फोटो काढत होते. मी स्वतः चार मारल्या. कशासाठी ते सांगणार नाही, पण त्यातली एक या फेऱ्यांची बातमी पेपरात यावी म्हणून होती.

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन आला. मावशींच्या सुनेच्या फोनवरून मावशी.

"भाऊ, तुमी काल आमच्या डोंगरावर काय बांधलंत?"

मला वाटलं कौतुक चाललंय. मी म्हणालो, "अहो मावशी, लोक इतके भारावले ना!"

"भारावले? हितं जावबाईचं गवत कापलं गेलंय, न् तिचा लेक कोयता घेऊन उभा हाय. तुमी या. आत्ता या."

स्कूटरवर मागे बसलेल्या बायकोला मी वाटेत सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "अहो, तुम्ही त्या बाईंना विचारायला खाली जाऊ शकत होता. पाच मिनिटं लागली असती."

"अगं, पण तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

वर पोचल्यावर मला माझ्या नवसाचा अर्थ कळला. गवत वाळलं की डोंगराला वणव्याची भीती. म्हणून कापणीच्या आधी आपल्या वाट्याच्या कडेने वावभर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढा रुंद पट्टा कापून काढतात आणि तो पहाटे, दव असताना, वारा सुटायच्या आत जाळून टाकतात. मग बाहेरून आग आली तरी काळ्या पट्ट्यापाशी तिला खायला काही मिळत नाही. उंच गवतात सीमेचे दगड दिसत नाहीत, म्हणून मावशी आदल्या आठवड्यात दगडा-दगडावरून चालून गाठी मारून ठेवतात. पट्टा कुठून न्यायचा ते गाठी सांगतात. आणि हे काम एकट्यादुकट्याचं नाही. वाडीतली माणसं सावडीने येतात. आज तुझ्या पट्ट्याला, उद्या माझ्या. सोमवारची पहाट मावशींची होती.

चौदा माणसं कोयते घेऊन अंधुक उजेडात वर आली आणि त्यांना गाठीच गाठी दिसल्या. वर, खाली, ओढ्याकडे. ती बिचारी एका ओळीमागे गेली. ती ओळ उल्हासनगरच्या गृहस्थांची होती, दुकान, घर, साडू आणि पुढे कुणाचं तरी लिव्हर. तिने त्यांना सरळ मावशींच्या चुलत जावेच्या गवतात नेलं. तिथे कापणीच्या दोन ओळी झाल्यावर आरडाओरडा झाला. भांडण मिटेपर्यंत दव सुकलं, वारा सुटला. पहाट गेली.

"आता सावड कधी?" मी विचारलं.

"बेस्तरवारी येतो म्हंतात. बाकी सगळे वार दुसऱ्यांचे हायत," मावशी म्हणाल्या. "पर म्हंतात, आधी ह्यो गुंता काढ. पलीकडं धरणाच्या रस्त्याला रोज पोरं चुली पेटवून मटन शिजवतात. वारा हिकडंच येतो. म्हशीचं नशीब बगा."

शिव्या दिल्या नाहीत त्यांनी. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी शिव्यांना उत्तम प्रतिसाद देतो.

मी तिथूनच आमच्या फेरीच्या ग्रुपवर मजकूर टाकला. खरं सांगायचं धाडस झालं नाही. लिहिलं, "पर्यावरणाच्या दृष्टीने काल मारलेल्या गाठी सोडणं हितावह ठरेल. उद्या सकाळी कोण कोण येऊ शकेल?" बावीस जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मग शिरगावच्या बाईंचा मजकूर आला. "सर, प्लीज माझी गाठ सोडू नका. काल संध्याकाळीच मुलीचं ठरलं!!!" त्यावर वीस अभिनंदनं आली. त्यावर उल्हासनगरचे गृहस्थ: "सर, मेरी तीनों रहने दो. साडू का फोन आया था, आवाज ढीला था."

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, वाचला आणि परत दिला. "लिहा," म्हणाली.

"काय लिहू?"

"जे झालं ते."

सीमेच्या एका दगडावर बसून मी ते लिहिलं. चार ओळींचा मजकूर, चाळीस मिनिटं लागली. की नवसाची श्रद्धा वगैरे काही नाही. की ती मी जागच्या जागी रचली. की त्या गाठी एका बाईंच्या गवताच्या राखणीच्या खुणा होत्या, आणि आपण त्या बिघडवल्या. "आपण" हा शब्द मी दोनदा खोडला आणि "मी" लिहिलं. मग फोन उलटा करून ठेवला. अर्ध्या तासात सात जण ग्रुप सोडून गेले. शिरगावच्या बाईंनी मला एकट्याला लिहिलं, "तरीपण माझी राहू द्या ना." पुढच्या दोन दिवसांत बाकीच्या गाठींबरोबर तीसुद्धा सोडली. मुलीचं लग्न मोडलेलं नाही, हे इथेच सांगून टाकतो.

मंगळवारी कुणी आलं नाही. मी आणि बायको, दोघंच.

खऱ्या आणि खोट्या गाठी ओळखायच्या कशा हे मावशींनी दाखवलं. त्यांची गाठ दोन पिळांची आणि तुरा आपल्या वाट्याकडे झुकवलेला. "आत कोण, भाईर कोण, ते तुरा सांगतो." आमच्या माणसांच्या गाठी बघितल्या तर सगळ्या बुटाच्या नाडीच्या. दोन पाकळ्या काढून नीट फुलं केलेली. एकीला तर हेअरबँड होता. माझ्या चारही नाडीच्याच होत्या. बेटावरच्या माणसाने आयुष्यात दुसरं काही बांधलंच नव्हतं.

दोन दिवस आम्ही त्या डोंगरावर ओणवे फिरलो. वाळक्या गवताची गाठ सोडताना ते तुटतं, बोट कापतं, आणि कुसळं कपड्यांत शिरतात. कुसळ आत शिरतं, बाहेर येत नाही, पुढेच सरकतं. बुधवारी दुपारपर्यंत ती माझ्या अशा ठिकाणी पोचली होती की मी बसायचं बंद केलं. बायको शांतपणे एकेक गाठ सोडत मोजत होती. "एकशे अकरा. ही तुमची दिसते. फुल जरा जास्तच मोठं आहे."

गुरुवारी पहाटे सावड आली. मावशींनी मला ओलं पोतं दिलं, एका जागी उभं केलं आणि सांगितलं, "भाऊ, हितून हालायचं नाय. ठिणगी आली तर हाणायची. न् बोलायचं नाय. लोकांचं ध्यान जातं." चौदा माणसं गाठीमागून गाठ पुढे सरकत होती. कापणारे पुढे, गवत उचलणारे मागे, आणि शेवटी पेटवणारे, दोन्ही बाजूंना आग झोडायला हिरव्या फांद्यांचे टाहाळे घेऊन. कुणी ओरडत नव्हतं. आग कुत्र्यासारखी त्यांच्या पायाशी चालत होती. उजाडलं तेव्हा चारी बाजूंनी काळी पट्टी आणि मध्ये पिवळं गवत. मी जन्मात पहिल्यांदा बेट बघितलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मात्र ओढ्याच्या बाजूला तीस-चाळीस पावलं राहून गेली. वारा उठला म्हणून थांबावं लागलं. आदल्या सोमवारची पहाट हातात असती तर ती राहिली नसती. एवढा हिशेब मला येतो.

रविवारची फेरी मी रद्द केली. तसंही येणारं कुणी उरलं नव्हतं. त्याऐवजी डोंगराच्या धारेवरच्या कातळावर राखणीला बसलो. दुपारी धरणाच्या रस्त्याच्या बाजूने धूर आला. आधी मटणाचा वाटला, मग रुंद झाला. मी खाली पळालो. पळालो म्हणजे माझ्या मते पळालो. वाडीतली माणसं मला वर येताना भेटली, त्यांनी धूर माझ्याआधी बघितला होता.

आग चढ चढून आली आणि काळ्या पट्ट्यापाशी खरोखर थांबली. थोडी इकडे गेली, थोडी तिकडे गेली, भूक लागल्यासारखी. मग तिला ओढ्याकडची फट सापडली. आम्ही टाहाळ्यांनी हाणत राहिलो. माझ्या शेजारी मावशींच्या जावेचा लेक होता, सोमवारी कोयता घेऊन उभा राहिलेला तोच. "काका, मागं व्हा, भुवया जातील!" तो ओरडला. एक गेली. तीच, जी मी वर करायचो. तासाभराने आग मेली. फटीजवळचा कोपरा जळला होता, आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढा. बाकी सगळं उभं.

मावशी त्या काळ्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. पायाने राख सारली. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तबेलेवाल्याला दोन टेम्पो कबूल केलेत. त्याला कोन सांगल?"

मी सांगणार होतो, अर्थातच. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला गेलो. तबेलेवाले सिंधी काका म्हशींमध्ये खाट टाकून बसले होते. मी सुरुवात केली: मुंबई बेट, घोडे, खाडी, रूळ. ते पाच मिनिटं ऐकत राहिले. मग म्हणाले, "साईं, मुद्दे की बात करो. घास कम है?"

"हो. चूक माझी आहे. एकच टेम्पो येईल. दुसरा अर्धा."

"तो ऐसा बोलो ना. मेरा आधा मैं पंजाब वाले से ले लूंगा. माई को बोलना, अगले साल पहले मुझे दे." आणि मग, मी उठताना, "आपकी एक भौं कहां गयी?"

भात झोडून झाल्यावर आठवडाभराने गवताची कापणी झाली. मी रजा काढून गेलो. पेंढ्या बांधायला मला कुणी दिल्या नाहीत. गाठ हा शब्द माझ्यासमोर वाडीत कुणी काढतच नव्हतं. दीड टेम्पो गवत गेलं, आणि म्हशींच्या वाट्याचं गवत घराशेजारी रचायला घेतलं. ढीग उंच झाला तसा तो दाबायला वर कुणीतरी हवं होतं, नाहीतर अवकाळी पाऊस आत शिरतो. मावशींनी अंगणातल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, तुमी चढा. वजन हाय तुमचं."

शिडी धरून बायकोने मला वर पाठवलं. मी वर उभा राहिलो. सगळी वाडी खाली, तोंडं वर. भाकड म्हैस गोठ्याच्या दारातून बघत होती. अशी जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती. आपोआप दोन्ही हात पसरले गेले, आणि मी घसा खाकरला.

"हात नाय, पाय!" मावशी खालून म्हणाल्या.

मी पाय हलवायला लागलो. कडेकडेने, गोल गोल, जाड्याभरड्या नाचासारखा. बायकोने मावशींना विचारलेलं मला वरून ऐकू आलं, "दोघींना पुरेल का हो हे?"

मावशींनी ढिगाकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"दाबलं नीट, तर पुरंल," त्या म्हणाल्या. "थांबू नका म्हणावं त्यांना."